नापासांच्या जिवावर

खाण बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि आमच्या हुक्सान गावानं पुन्हा उभं राहायची आशा सोडली होती. बाजाररस्त्यावर उघडी दुकानं राहिली होती ती माझं वह्या-पेनांचं, कोपऱ्यावरचं औषधांचं आणि शेजारचं मालसुनचं. मालसुन नूडल्स करायची. पीठ स्वतः तिंबायची, लाटून सुरीनं कापायची आणि शिंपल्यांच्या रश्श्यात उकळायची. तिचा नवरा खाणीतल्या धुळीनं खोकून खोकून गेला होता. एकुलती एक मुलगी यंजू वोंजू शहरात दातांच्या दवाखान्यात कामाला होती.

मग जिल्ह्याच्या कचेरीनं ठरवलं, खाणकामगारांचं जुनं न्हाणीघर पाडून तिथं सार्वजनिक वाचनालय बांधायचं. सभेला एक अधिकारी बाई आल्या. वाचनालय आलं की माणसं येतील आणि माणसं आली की दुकानं चालतील, असं त्यांनी समजावून सांगितलं.

"पुस्तकं चघळून पोट भरतंय होय?" प्यो म्हणाला. बाजारात त्याची तीनमजली इमारत रिकामी पडलेली. आम्ही सगळे हसलो.

पण बाई खोटं बोलल्या नव्हत्या. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका होती. फुकट, थंडीत उबदार आणि उशिरापर्यंत उघडी. आसपासच्या गावांतली, सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसणारी पोरंपोरी तिथं यायला लागली. बसच्या फेऱ्या वाढल्या. प्योनं इमारतीत एकट्यापुरत्या खोल्या पाडल्या आणि त्या बघता बघता भरल्या. न्हावी परत आला, कॉफीचं दुकान निघालं. माझं झेरॉक्सचं मशीन दिवसभर तापलेलं असायचं. दुपारी मालसुनच्या दारात रांग लागायची.

तेव्हा तिनं यंजूला फोन केला. मी तिथंच बसले होते.

"लोकांच्या दाढा बघत किती दिवस काढणार? इथं समोर वाचनालय आहे. घरचं खा आणि अभ्यास कर."

पलीकडून यंजू काहीतरी म्हणाली.

"परत घेणार नाहीत तर नाही घेणार. परत जायचंय कुणाला? एकदा सरकारी खुर्ची मिळाली की सुटलीस."

यंजू आली. खिडकीशेजारची जागा धरून बसायला लागली. पोरगी हुशार होती आणि कष्टाळूही. जेवतानाही तिचे ओठ हलत असायचे. पहिल्या वर्षी थोडक्यात हुकलं. दुसऱ्या वर्षी आणखी थोडक्यात. तिसऱ्या वर्षी तिनं किती गुणांनी गेलं ते सांगितलंच नाही.

जी पोरं पास व्हायची ती निरोप घ्यायला यायची. मालसुनला भाताच्या वड्यांचा डबा द्यायची, वाकून नमस्कार करायची आणि बसमध्ये बसून निघून जायची. हुक्सानमध्ये कुणाची नेमणूक होणार? नापास व्हायची ती चार दिवस तोंड लपवायची आणि मग पुन्हा रांगेत उभी राहायची.

चौथ्या वर्षी निकालाच्या दिवशी सकाळी मी मालसुनकडे गेले. ती रोजच्यापेक्षा मोठा पिठाचा गोळा तिंबत होती.

"आज एवढं कशाला गं?" मी विचारलं.

"ताई, निकाल आहे ना. आठवड्याभरात सगळी परत येतील," ती म्हणाली आणि तिचे हात थांबले. स्वतःचंच बोलणं तिनं तेव्हा ऐकलं असावं.

त्या संध्याकाळी आम्ही दुकानदार तिच्याकडे जमलो होतो. दर महिन्याला जमायचो. यंजू मागे भांडी घासत होती. निकाल तिलाही कळला होता, पण अजून कुणी विचारलं नव्हतं.

प्योनं दोन पेले रिचवले होते. "ह्या खेपेला अख्ख्या अभ्यासिकेतून दोघंच लागले म्हणे," तो म्हणाला. "बरं झालं बाबा. एकही खोली रिकामी होत नाही."

न्हावी हसला. खोटं कशाला बोलू, मीही हसले.

यंजू हात पुसत बाहेर आली. तिनं मुळ्याच्या किमचीची वाटी प्योपुढं ठेवली. "काका, आमचीही एक खोली भरलेलीच आहे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "अशीच राहील. काळजी करू नका."

प्योचा चेहरा पडला. "अगं पोरी, तुला नव्हतो म्हणत मी."

"माहीत आहे. घ्या, खा."

ती परत आत गेली. नळ पुन्हा सुरू झाला. कुणालाच खाववेना.

दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात गेली नाही. मालसुननं तिची पुस्तकांची पिशवी दारात आणून ठेवली.

"आणखी एक वर्ष कर. ह्या वेळी होईल."

"नाही होणार, आई."

"मग दवाखान्यात विचारून बघ."

"विचारलं. त्यांना पंचविशीच्या आतली पोरगी हवी आहे." यंजूनं एप्रन बांधला. "पीठ दे इकडं."

वर्षभरात तिचा हात आईपेक्षा चलाख झाला. दुकान आणखी चाललं. जिल्ह्याच्या कचेरीतून एक माणूस फोटो काढायला आला. वाचनालयामुळं बाजार कसा सावरला, त्यावर ते पुस्तिका काढणार होते. त्यानं दोघींना दारात उभं केलं आणि हसायला सांगितलं. यंजू हसली. फोटो चांगला आला.

यंदा प्योनं लागून असलेला गाळा मालसुनला देऊ केला. तिनं मला विचारलं, "ताई, घेऊ का? पोरीच्या नावावर काहीतरी होईल." मी घे म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मधली भिंत पाडली त्या दिवशी मी तिथंच होते. प्लंबरनं यंजूला विचारलं, "ताई, बेसिन खिडकीखाली बसवू ना? उजेड येईल, रस्ताही दिसेल."

खिडकीतून समोर अभ्यासिकेच्या काचा दिसत होत्या. एकेका काचेमागं खाली घातलेली मान.

"नको," यंजू म्हणाली. "भिंतीकडं बसवा. रस्त्याकडं पाठ राहू दे."

"अंधारात काम करावं लागेल."

"चालेल."

तो मालसुनकडं बघायला लागला. मालसुन विटांचे तुकडे घमेल्यात भरत राहिली, आणि भरलेलं घमेलं तिला उचलेना, तेव्हा यंजूनं येऊन दुसरी बाजू धरली.