दार लोटून घे

झुल्मिराने रक्तदाब मोजायचा पट्टा तिसऱ्यांदा उलगडला, पुन्हा गुंडाळला आणि डब्यात ठेवला. साडेनऊ वाजून गेले होते. तिच्या खोलीसमोरच्या बाकावर एक कोंबडी तेवढी येऊन बसली होती. पलीकडच्या खोलीपुढे मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. खोकणारे म्हातारे, पाठीशी लेकरं बांधलेल्या बाया, कॉफी तोडता तोडता हात सोलवटून घेतलेली माणसं. सगळ्यांना क्यूबाची डॉक्टर हवी होती.

त्या रांगेत चौथी होती झुल्मिराची आई.

बेंदिता शाल अंगाभोवती घट्ट ओढून समोरच्या डोंगराकडे बघत बसली होती. लेकीच्या खिडकीकडे तिने एकदाही मान वळवली नाही.

"बेंदिता, तुझी पोरगी आत माशा मारत बसलीय की गं," मागून एक जण म्हणाला. "घरची डॉक्टर सोडून इथं कशाला गर्दी करतेस?"

"तुला घाई असेल तर तू जा तिच्याकडे."

"मी? छे! शेंबूड ओढत फिरायची ती, मी पाहिलंय. तिच्यापुढं सदरा काढू होय?"

रांग हसली. बेंदिता हसली नाही. अकिलीनो, दवाखान्याचा पन्नाशीतला परिचारक, दारात येऊन खेकसला, "पुढचं कोण? हसायचं असेल तर घरी जा. इथं आजारी माणसं बसतात."

झुल्मिराला सगळं ऐकू येत होतं. भिंत फळ्यांची होती. देशाने तिला सहा वर्षं क्यूबात शिकायला पाठवलं, तिच्यासारखी शेकडो पोरं डॉक्टर होऊन तिमोरला परतली आणि तिने आपणहून आपलंच लेओलारा गाव मागून घेतलं. त्याला दीड वर्ष झालं होतं. दवाखान्यात कुणाला काही द्यावं लागत नसे. तपासणी, औषध, खालच्या मोठ्या रुग्णालयाची गाडी, सगळं सरकारचं. तरी दीड वर्षात तिच्या बाकावर बसले ते बहुतेक वाट चुकलेले परगावचे लोक.

दुपारी क्यूबाची डॉक्टर ओदालिस स्वयंपाकघरात कॉफी गाळत उभी होती. छप्पन्न वर्षांची, धिप्पाड, केस करकरीत काळे रंगवलेले. तीन वर्षं गावात राहूनही तिला इथली तेतुम भाषा मोडकीतोडकीच येत होती. 'दुखतं', 'दुखत नाही', 'उद्या ये' आणि 'खोटं बोलू नकोस' एवढ्यावर तिचं भागत असे. झुल्मिराशी ती आपल्या स्पॅनिश भाषेत बोलायची.

"माझ्या आईला काय होतंय?" झुल्मिराने विचारलं.

"तिला विचार."

"ती सांगत नाही. महिन्यातून दोनदा तुमच्याकडे येते. नोंदवहीत नुसतं 'खांदादुखी' लिहिलंय. खांदा दुखतो म्हणून वर्षभर कोण येतं? मी तिची मुलगी आहे, डॉक्टर आहे."

"म्हणून तर मी सांगणार नाही." ओदालिसने कपात तीन चमचे साखर घातली. "पोरी, अकरा दिवसांनी मी जाते. तुला एक सांगायचं राहिलंय. माझ्या जागी कुणाला पाठवू का, असं राजधानीतून, डिलीहून विचारलं होतं. मी लिहून दिलं, गरज नाही. लेओलारात डॉक्टर आहे."

झुल्मिराने हातातली बशी खाली ठेवली.

"मला न विचारता? मग ही माणसं जातील कुठं? माझ्याकडे कुणी येत नाही, दिसत नाही तुम्हाला?"

"दिसतं की. मी इथं आहे तोवर येणारही नाहीत."

"आणि तुम्ही गेल्यावर? घरीच मरतील!"

 ओदालिसने कप झुल्मिरापुढे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तिला स्वतःलाही खात्री नव्हती, हे तिच्या पाठीवरून झुल्मिराला कळलं. त्यामुळे झुल्मिरा जास्तच घाबरली.

चार दिवसांनी ओदालिस परतीचे कागद करायला भल्या पहाटे डिलीला गेली. गावात वर्दी होतीच; व्हरांडा रिकामा. दहाच्या सुमारास, वर्दी न पोचलेल्या वरच्या वस्तीवरून माणसं धावत उतरताना दिसली. चौघांनी बांबूच्या डोलीत एका बाईला आणलं होतं. मागे लाउरेंतिना, बेंदिताची मावसबहीण, धापा टाकत येत होती. डोलीत तिची सून नतालिना. आठवा महिना संपत आलेला.

"ओदालिस कुठाय?" लाउरेंतिनाने आल्या आल्या विचारलं.

"डिलीला. मावशी, आधी तिला आत घ्या."

"कधी येणार?"

"संध्याकाळी. काय झालं हिला?"

"डोकं दुखतंय म्हणते. पहाटेपासून ओकतेय. थांबतो आम्ही संध्याकाळपर्यंत. ओदालिसलाच दाखवू."

झुल्मिरा डोलीपाशी वाकली होती. नतालिनाचा चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहिला.

"डोळ्यांपुढं काही दिसतं का गं?"

"काजवे," नतालिना पुटपुटली.

पट्टा बांधला. पारा एकशे ऐंशीच्या वर. झुल्मिराने पुन्हा मोजला. तोच आकडा.

"अकिलीनोभाऊ, गाडीला फोन लावा. आणि सगळ्यांना बाहेर काढा."

"मी सासू आहे तिची," लाउरेंतिना म्हणाली. "मी हलायची नाही."

"तुम्हीसुद्धा, मावशी."

"काय गं, फार मोठी झालीस? तुला या हातांनी न्हाऊ घातलंय मी!"

"घातलंत. आता बाहेर जा."

लाउरेंतिना जागची हलेना. तेव्हा अकिलीनोने तिच्या दंडाला धरलं, अगदी अदबीने, आणि तिला व्हरांड्यात नेऊन बसवलं. झुल्मिराने दार लोटलं.

"हे पहिलंच ना?" सुईत औषध भरता भरता तिने विचारलं.

नतालिनाने डोळे मिटले.  मग पोटावरचा हात उचलून तिने दोन बोटं दाखवली आणि एक मिटून घेतलं.

"कधी?"

"लग्नाआधी. डिलीत कामाला होते तेव्हा. मेलेलंच जन्मलं." आवाज इतका बारीक की झुल्मिराला कान तिच्या ओठांपाशी न्यावा लागला. "तेव्हा मला झटके आले होते. दातांखाली जीभ तुटली होती. ओदालिसला ठाऊक आहे, तिला असंच बोटांनी सांगितलं होतं. ती कुणाला सांगत नाही."

"आधी झटके आले होते, हे मला कधी सांगितलं नाहीस. मी इथंच होते. माझ्याकडे आली का नाहीस?"

"तू त्यांच्या नात्यातली." नतालिनाने दाराकडे पाहिलं. "घरात कळलं तर मला ठेवायचे नाहीत."

झुल्मिराने सुईतली हवा काढली. दीड वर्ष ती समजत होती की लोकांना तिच्या विद्येचा भरवसा नाही.

"कळणार नाही," ती म्हणाली. "कुशीवर हो. हे खूप दुखेल."

आधी झटके येऊन गेलेत म्हटल्यावर वाट बघण्यात अर्थ नव्हता. लघवी तपासण्यात, डिलीला फोन करून विचारण्यात वेळ न घालवता तिने दोन्ही कुल्ल्यांवर झटके रोखणाऱ्या सुया टोचल्या, रक्तदाबाची गोळी दिली, सलाइनची सुई लावली. नतालिनाने तिचं मनगट नखं रुतेपर्यंत धरून ठेवलं होतं. एकदा तिच्या तोंडाचा कोपरा थरथरला.  ओठ पुन्हा सैल पडले. अर्ध्या तासाने पट्टा बांधला, तेव्हा आकडा थोडा खाली आला होता.

गाडी आली तेव्हा अंगणात अर्धं गाव जमलं होतं. बेंदिताही होती, कॉफीची टोपली पाठीवर तशीच. नतालिनाला आत निजवून झुल्मिरा चढणार, तोच लाउरेंतिना आडवी आली.

"दार लावून अर्धा तास काय बोलत होतात तुम्ही? काय सांगितलं तिनं तुला?"

"तिचा रक्तदाब फार वाढलाय. बाळ लवकर बाहेर काढायला लागेल."

"ते कळलं. बोललीस काय तिच्याशी? मी बाहेरून ऐकलंय, कुजबुज चालली होती. असं अचानक कसं झालं? काही लपवलंय का तिनं?"

"मला तिनं जे सांगितलं, ते माझ्यापाशी राहील, मावशी."

"मला सांगणार नाहीस? मला? तुझ्या आईच्या बहिणीला?"

"आईनं विचारलं तरी सांगणार नाही."

 लाउरेंतिनाचा चेहरा लालबुंद झाला. "बघ बेंदिता, बघ तुझी लेक!" ती ओरडली. बेंदिताने पाठीवरची टोपली खाली ठेवली. ती नुसती झुल्मिराकडे बघत होती. शाळेतून नवं काही शिकून आलेल्या पोराकडे बघावं तशी.

"गाडीत एकाच माणसाला जागा आहे," झुल्मिरा म्हणाली. "मावशी, येणार का? तिला घरचं कुणी लागेल."

लाउरेंतिनाने ओठ आवळले. मग शाल कमरेला खोचली आणि शिव्या घालत घालत गाडीत चढली. अडीच तासांच्या त्या घाटात तिने नतालिनाचं डोकं मांडीवर घेतलं आणि एकदाही खाली ठेवलं नाही. वळणावळणावर ती सुनेच्या कपाळावरून हात फिरवत होती आणि झुल्मिराकडे रागाने बघत होती.

मोठ्या रुग्णालयात फिलिपिन्सचा एक सर्जन आणि तिमोरचीच भूलतज्ज्ञ तयारीत होते. चार वाजता मुलगी झाली. पावणेदोन किलोची, पण रडली ती दार हादरवून.

लाउरेंतिनाने नात हातात घेतली, तिचं नाक न्याहाळलं. "आमचं नाक आहे," ती म्हणाली. मग नात छातीशी धरूनच, झुल्मिराकडे न बघता, तिने विचारलं, "काही खाल्लंस का सकाळपासून?"

"नाही."

"मग जा, खाऊन ये. मी बसते इथं."

ओदालिस परतली तेव्हा गावभर हीच चर्चा होती. तिने झुल्मिराला काही विचारलं नाही. फक्त नोंदवही उघडली, नतालिनाच्या नावापुढचं 'पहिलं बाळंतपण' वाचलं आणि वही मिटली.

"तुम्ही इथं खरं लिहिलं नव्हतंत," झुल्मिरा म्हणाली.

"नोंदवही अकिलीनोच्या टेबलावर असते. उघडी." ओदालिसने वही बाजूला सारली. "माझी चूक होती ती. मोठ्या रुग्णालयाला कळायला हवं होतं. मला वाटलं, मी असेनच."

"मी तिथल्या डॉक्टरच्या कानात सांगितलं."

"मग झालं तर."

शेवटच्या सोमवारी गावाने ओदालिसच्या गळ्यात हातमागाच्या इतक्या शाली घातल्या की तिला मान वळवता येईना. माणसं रडली, फोटो काढून घेतले. ती दारापाशी ट्रंक बांधत असताना झुल्मिरा आपल्या खोलीत औषधांची कपाटं लावत होती. पाठीमागे कुणीतरी आत आल्याची चाहूल लागली.

बेंदिता होती.

"ओदालिसची गर्दी आहे बाहेर," झुल्मिरा म्हणाली. "थांब जरा, सांगते तिला."

"तिच्याकडे नाही आले." बेंदिताने मागे वळून पाहिलं. "दार लोटून घे."

झुल्मिराने दार लोटलं. बेंदिता तपासणीच्या पलंगावर बसली, लेकीकडे पाठ केली आणि सदऱ्याच्या गुंड्या काढू लागली. वेळ लागला. सदरा खांद्यावरून खाली आला.

पाठभर गोल गोल डाग होते. जुने, पांढुरके, कातडी आक्रसलेली. सिगारेटच्या टोकाएवढे. डावा खांदा एका बाजूला उतरलेला, हाड कधीतरी मोडून वेडंवाकडं जुळलेलं.

झुल्मिरा सहा वर्षांची असताना, इंडोनेशियाच्या फौजेचा अंमल होता तेव्हा, आई नऊ महिने घरी नव्हती. डिलीला नन बायांकडे कामाला गेलीय, असं आजीने सांगितलं होतं. परत आली तेव्हा आईने तिला कडेवर घेतलं नव्हतं. झुल्मिरा कित्येक वर्षं त्यावर रुसून होती.

"ओदालिसनं कधी विचारलं नाही," बेंदिता भिंतीकडे बघत म्हणाली. "तिला भाषा येत नव्हती, ते बरंच होतं. तू विचारशील म्हणून मी येत नव्हते."

  झुल्मिराने हातावर हात घासून तळवे ऊबदार केले आणि उतरलेल्या खांद्यावर अलगद ठेवले.

"कुठं दुखतं, आई?"

"इथं. हात वर केला की."

"आणि इथं?"

"तिथं नाही. थोडं खाली. हां, तिथं."

झुल्मिरा बोटांनी चाचपत राहिली. बाहेर ट्रंकेवर बसून कुणीतरी झाकण दाबत होतं, अकिलीनो आरडाओरडा करत होता. बेंदिताचे खांदे हळूहळू सैल झाले. तपासून झाल्यावर तिने गुंड्या लावल्या, शाल घेतली, गोळ्यांची पुडी मुठीत धरली. दारापाशी जाऊन ती थांबली.

"शेजारच्या एउफ्राजियाला पाठवू का?"

"तिला काय होतंय?"

"ती पण होती तिथं, त्या नऊ महिन्यांत. आणि वरच्या वस्तीवरच्या दोघी." बेंदिताने कडीवर हात ठेवला. "त्या अजून कुणाकडेच गेल्या नाहीत. ओदालिसकडेसुद्धा नाही. मी सांगितलं तर येतील."

झुल्मिराने मान डोलावली. 

"येऊ देत. एकेकीला पाठव. आणि म्हणावं, घाई नाही."