अकोल्यातली झोप

शेखर सर आमचे खेळाचे शिक्षक. त्यांनी वर्गात विचारलं, "रोज व्यायाम कोण करतं?" आरतीचा हात सगळ्यात आधी वर गेला. मी हात वर केला नाही. खोटं कशाला बोलायचं? आमच्या घरी कोणीच व्यायाम करत नाही.

"म्हणूनच खुशी वर्गात पेंगते," सर म्हणाले. "मळ्यावरच्या पोरींना हालचालीची सवयच नाही. जरा आरतीकडे बघा."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आम्ही माळी. तेल्हाऱ्याबाहेर नाल्याकाठी आमचा मळा आहे. कोंबडा आरवायच्या आत माय मला उठवते. अंधारात सांबार, म्हणजे कोथिंबीर, उपटायचा, मेथीच्या जुड्या बांधायच्या, हौदात धुवायच्या आणि भरलेलं टोपलं डोक्यावर घेऊन बांधाबांधानं सडकेपर्यंत न्यायचं. तिथून पुढे बाबांची गाडी. एक खेप मायची, एक माझी, पुन्हा मायची, पुन्हा माझी. आमच्याकडे याला काम म्हणतात. व्यायाम असतो तो आरतीच्या घरी. तिचे बाबा नत्थुजी मोठे कास्तकार. त्यांच्या घरच्या मुली वावरात पाय ठेवत नाहीत, ठेवला तर सोयऱ्यांत नाव खराब होतं. मग पोरगी अंगानं सुटू नये म्हणून नत्थुजी तिला रोज गाडीवर बसवून मैदानावर सोडतात, पळायला. एवढं मोठं वावर पडलंय, त्यातच पळ म्हणावं! पण आरती गुणाची पोर. तिच्यावर राग धरता येत नाही, हीच तर पंचाईत आहे.

अशात पळण्याच्या जिल्हा स्पर्धा आल्या. शाळेतून दोघी जाणार होत्या. अकोल्याला एक रात्र मुक्काम, वसतिगृहात, गादीवर. सर म्हणाले, उन्हं वर आल्याशिवाय उठायचं नाही, शरीराला आराम हवा. बाकीच्या पोरी बक्षिसाचं विचारत होत्या. मला बक्षीस नकोच होतं. उन्हं वर येईपर्यंत झोप! टायफॉइड झाला होता तेव्हा तशी झोपले होते, त्यानंतर कधी नाही.

निवड बाजाराच्या दिवशी सकाळी होती. टोपली वाहून मी तशीच मैदानावर गेले. शिट्टी वाजली. पाय बरे चालत होते, पण अर्ध्यात आल्यावर माझा उजवा हात आपोआप वर गेला आणि डोक्याशी जाऊन थांबला. मान ताठ, कंबर सरळ, एक हात वर आणि मी पळतेय! पोरी खो खो हसायला लागल्या.

"खुशी, डोक्यावरचं टोपलं उतरव!" सर ओरडले.

हात खाली घेतला की तोल जायचा. शेवटी तशीच पळाले. आरती पहिली आली, मी दुसरी. मला आनंदही झाला आणि रडूही आलं.

घरी भीत भीत सांगितलं. माय मेथी निवडत होती.

"पयाले अकोल्याले कावून जातं वं? इथं काय कमी पयतं तू?"

"तिथं निजू देतात, माय."

तिचे हात थांबले. म्हणाली, "मंग जाय. तुह्या खेपा मी नेईन. एक दिवस पोटभर नीज."

अकोल्याची गादी मऊ होती. वर पंखा होता. आणि कोंबडा नसताना, कोणी हाकही मारली नसताना, माझे डोळे टक्क उघडले. बाहेर अंधार होता, आरती गाढ झोपली होती. मी कूस बदलली, डोक्यावरून चादर ओढली. काही उपयोग झाला नाही. आता माय पहिली खेप घेऊन निघाली असेल. आता रिकामं टोपलं घेऊन परतली असेल. आता माझी खेप. ती पण तिचीच. उजाडलं तेव्हा माझं अंग मळ्यात दुखतं त्याहून जास्त दुखत होतं.

सरांनी मला जांभई देताना पकडलं. "इतकी झोपूनही पेंगतेस? सवय नसली की हे असं होतं."

मी दुसरी जांभई दाबली. तेवढ्यात आरतीच्या फोनवर मायचा फोन आला.

"निजली का पोटभर?"

तिला धाप लागली होती. मागून सडकेवरच्या ट्रकचा आवाज येत होता.

"हो माय," मी म्हटलं. "उन्हं आली तरी उठली नाही मी."

"बरं झालं वं," माय हसली. "मंग वसूल झालं. ठेव आता, तुही एक खेप राह्यली अजून."