न केलेल्या चुकीची कबुली

भोपाळमधली एक लहान मुलगी हॉस्पिटलात होती आणि इंदूरच्या सांवेर रोडवर, नमकीनच्या कारखान्यात, मालकांच्या केबिनमध्ये चूक कोणाची ते ठरत होतं.

मुलीला शेंगदाणा चालत नव्हता. लिंबू शेव खाल्ली आणि तिचा घसा सुजला. शेवेच्या नव्या मसाल्यात दाण्याचं कूट होतं, पाकिटावर मात्र त्याचा उल्लेख नव्हता. वेळेवर उपचार मिळाले म्हणून ती वाचली.

"चेकिंग तर मधुरिमाकडे असतं," कारखान्याचा मॅनेजर समीर समोर उभ्या असलेल्या मधुरिमाकडे बघत म्हणाला. तो पुण्याहून आलेला, गोड बोलणारा. "त्या शिफ्टला जुनी पाकिटं लागली असतील आणि हिच्या लक्षात आलं नसेल. माणूस आहे, होतं असं कधी कधी."

खरी गोष्ट अगदी उलटी होती. मसाला बदलला त्या दिवशी मधुरिमा पॅकिंगच्या मशीनपाशी उभी राहून म्हणाली होती, "सर, हा माल जुन्या पाकिटात भरू नका. नवी छापून येऊ द्या." आणि समीर हसला होता. "गोदाम भरून पाकिटं पडलीत, ती काय होळीत घालू? चालवा मशीन." मधुरिमाची ज्युनियर पलक तेव्हा शेजारीच उभी होती.

मालक अशोकजींनी मधुरिमाकडे बघितलं. "बोल बेटा, काय झालं?"

"सॉरी सर," मधुरिमा म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं. माझीच चूक झाली."

आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर ऐकू आलं. समीरने खुर्चीत पाठ टेकली.

"ठीक आहे," अशोकजी म्हणाले. "त्या शिफ्टचा माल बाजारातून वापस बोलवा. आणि मधुरिमा, आगे से ध्यान ठेव."

बाहेर आल्यावर पलकने तिचा हात धरला. "दीदी, आपने ऐसा क्यों बोला? एका शिफ्टचा माल वापस येईल. मग बाकीचा? तो तर अजून दुकानात आहे ना!"

मधुरिमा उलट वळली, केबिनच्या दारापर्यंत गेली. दार ठोठावायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. आतून समीरचं हसणं ऐकू येत होतं. चौतीस वर्षांची बाई, आठ वर्षांची नोकरी, आणि दाराबाहेर उभी मात्र शाळकरी पोरीसारखी. ती न ठोठावताच फिरली आणि सुटी झाल्यावर घरी जायच्या बसमध्ये बसली.

ती असं का बोलली, या पलकच्या प्रश्नाचं उत्तर छत्रीबागेतल्या घरी होतं. मधुरिमाचे वडील मालोजीराव. त्यांचे खापरपणजोबा होळकरांच्या फौजेत होते. मालोजीरावांनी स्वतः जन्मभर सरकारी खात्यात फायली इकडून तिकडे केल्या, पण घरात हुकूम फौजेतलाच. त्यांनी पोरांवर कधी हात उगारला नाही आणि हे ते पाहुण्यांना अभिमानाने सांगत. हात उगारायची त्यांना गरजच नव्हती. घरात काही फुटलं, हरवलं, सांडलं की ते ताट बाजूला सारत आणि म्हणत, "ज्याने केलं त्याने कबूल करावं. तोवर या घरात कोणी जेवणार नाही." मग ते तोंड फिरवून बसत. आमटी गार होई. आई, शैलजाबाई, पदराने डोळे पुसत. मधुरिमाचा भाऊ यशवर्धन, ज्याने बहुधा ते केलेलं असे, जमिनीकडे बघत बसे. आणि शेवटी आई मधुरिमाच्या कानाशी येऊन कुजबुजे, "मधू, तू समजदार आहेस ना? म्हणून टाक. घर जेवेल तरी."

मधू म्हणून टाकी. मालोजीराव विजयी मुद्रेने ताट पुढे ओढत. "बघा, मी म्हटलंच होतं. पोरगी खोटारडी आहे." यशवर्धन मोठा झाला, बंगलोरला गेला आणि सुटला. मधू त्याच घरात राहिली आणि तीच सवय डब्यासोबत रोज कारखान्यात नेत राहिली. कोणाची फाइल चुको, कोणाचा फोन राहो, सॉरी हिची. समीरने हे पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं. "तू मला धाकट्या बहिणीसारखी," असं म्हणत त्याने एकदा चहावर तिच्या घरचं सगळं काढून घेतलं होतं. इतक्या आस्थेने आजवर कोणी विचारलं नव्हतं, म्हणून तिनेही सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी दिवेलागणीलाच ताटं वाढली गेली, कारण मालोजीरावांना उशीर खपत नसे. मधुरिमाचा चेहरा बघून आईने विचारलं तेव्हा तिने सांगितलं की कारखान्याच्या शेवेने एक मुलगी मरता मरता वाचली.

मालोजीरावांनी घास तोडायचं थांबवलं. "तूच काही केलं असशील."

काय झालं, कसं झालं, काही नाही. नुसतं तूच.

मधुरिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काय म्हणालात?"

"आवाज खाली. या घराण्यात..."

"घराण्याचं राहू द्या, बाबा. विचारा मला. एकदा तरी विचारा की मधू, तू केलंस का?"

मालोजीरावांनी ताट सारलं. नेहमीसारखं, एका बोटाने. "ही माफी मागत नाही तोवर मी जेवणार नाही."

"नका जेवू!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की शेजारच्या घरातला टीव्ही कोणीतरी हळू केला. "तुमच्या एकेका जेवणापायी मला खोटं बोलायला लावलंत तुम्ही. तुम्हाला ठाऊक होतं काच यशने फोडली. घड्याळ यशने पाडलं. तुम्हाला खरं नकोच होतं, कोणीतरी पायाशी यायला हवं होतं. आज मी तिथेही तेच केलं, बाबा. न केलेली चूक कबूल केली. आणि दाण्याची शेव अजून दुकानादुकानांत लटकते आहे!"

"मधू," आई काकुळतीला आली, "म्हण ना गं एकदा..."

"तू तर बोलूच नकोस, आई."

ती चपला घालून बाहेर पडली. चालता चालताच तिने अशोकजींना फोन लावला. ते म्हणाले, घरी ये. त्यांचं घर सराफ्याच्या मागे होतं. सोनारांची दुकानं बंद होत होती आणि त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागत होत्या. तिला कशाचाही वास जाणवला नाही.

"कल तर तूच मानलं ना, बेटा?" अशोकजी म्हणाले आणि मग स्वतःलाच सुधारलं. "कल कुठे, आज दुपारीच."

"मानलं. ते खोटं होतं. मी समीरसरांना सगळ्यांसमोर अडवलं होतं, त्यांनी मशीन चालवायला लावलं. मसाला बदलल्यापासूनचा सगळा माल जुन्या पाकिटात गेलाय, एका शिफ्टचा नाही. पलकला विचारा."

अशोकजींनी समीरला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. सगळं ऐकून समीर हळुवार आवाजात म्हणाला, "सर, तुम्ही मनावर घेऊ नका. मधुरिमाच्या घरी जरा प्रॉब्लेम आहे. वडील फार त्रास देतात तिला. ती इमोशनल होते, मग काहीही बोलते. मी उद्या समजावतो."

चहावर सांगितलेलं सगळं त्याने असं वापरलं. मधुरिमाला वाटलं फोन उचलून भिंतीवर आपटावा. ती पुढे वाकली.

"समीरसर, मी इथेच आहे. माझ्या वडिलांचं मी बघते. तुम्ही एवढंच सांगा, गोदाम भरून जुनी पाकिटं होती ना? आज तिथे एकही नाही. एका शिफ्टमध्ये संपली?"

अशोकजींनी फोन जवळ ओढला.

"समीर," अशोकजींचा आवाज बदलला, "काय विचारते ती?"

"सर, ते... आपण सकाळी बोलू ना."

"सकाळी नाही. आत्ता." अशोकजी उठून उभे राहिले. त्याच संध्याकाळी व्यापाऱ्यांना फोन सुरू झाले, आणि आठवडाभर माल परत येत राहिला. दुसऱ्या कोणा मुलाला काही झालं नाही. नशीब म्हणायचं, दुसरं काय.

समीरची नोकरी गेली नाही. त्याला देवासच्या गोदामावर पाठवलं, पगार तोच. आणि अशोकजी मधुरिमाला म्हणाले, "तू पहिल्याच दिवशी बोलली असती तर?"

"पहिल्या दिवशी मी बोललेच होते, सर. ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलं नाही. आणि दुपारी मी खोटं बोलले ते तुम्ही किती पटकन मानलंत!"

त्यानंतर तिने हो म्हटल्याशिवाय पॅकिंगचं मशीन सुरू होईना. तिने ते हक्काने मागून घेतलं, सॉरी न म्हणता. अजूनही दिवसातून दोनदा तो शब्द ओठांवर यायचा आणि दर वेळी तिला स्वतःचा संताप यायचा.

महिना संपता संपता तिने राजेंद्र नगरात एक खोली घेतली. मालोजीरावांनी तिच्याशी बोलणं टाकलं. शैलजाबाई एका रविवारी विचारत विचारत येऊन पोचल्या. पलंगाच्या कडेला बसल्या, पंख्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं.

"त्यांचा स्वभावच तसा, मधू. मी तरी काय करणार होते?"

"तू मला पुढे ढकलायची नव्हतीस."

शैलजाबाईंनी विचारलं, "माझ्यावरही राग आहे तुझा?"

"हो. त्यांच्याहून जास्त."

मधुरिमाला वाटलं, आई आता पदर डोळ्यांना लावणार आणि आपल्याला माघार घ्यावी लागणार. शैलजाबाईंचे डोळे कोरडेच राहिले. त्यांनी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "सांग मला. सगळं सांग."

मधुरिमाने दार लावून घेतलं, आईसमोर खुर्ची ओढली आणि सुरुवात केली.