वाकडं पातं

सूर विरून बराच वेळ झाला होता, तरी दीपमालाची नजर स्पीकरच्या काळ्या जाळीवरून हलली नव्हती. आणि आपण तिच्याकडे पाहावं की संगणकाच्या पडद्याकडे, हे महेंद्रला ठरवता येत नव्हतं. ऑक्टोबरची दुपार होती. ऐकताना मध्ये काही येऊ नये म्हणून त्याने छताचा पंखा बंद केला होता, खिडक्या ओढून घेतल्या होत्या. खालच्या गोदामातल्या हळदीचा कोरडा, उग्र वास तेवढा फटींतून वर येत होता. रविवार असल्यामुळे कॉम्प्युटर क्लासमधली बाकीची यंत्रं प्लॅस्टिकच्या खोळी पांघरून, दुखवट्याला आलेल्या माणसांसारखी, एकमेकांकडे न बघता बसली होती.

"काय वाटतं?" शेवटी त्यानेच विचारलं.

"वाजतंय चांगलं," ती म्हणाली.

सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा ज्या एका आवाजापायी गेला, त्याच्या पदरात एवढे दोनच शब्द पडले.

कुणाल तिचा थोरला भाऊ, आणि महेंद्रचा मित्र. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत तो पाळीवर जाई आणि उरलेल्या वेळात गाणी रची. महेंद्रने सांगलीत उभ्या केलेल्या गायन पार्टीचा तो गळाही होता आणि बोटंही. परमुलखात सोनं गाळायचा धंदा करणाऱ्या विट्याच्या एका गलाईवाल्याने कोइमतूरच्या मोडलेल्या ऑर्केस्ट्रातला एक जुना परदेशी सिंथेसायझर गावी आणून टाकला होता. तो कुणालच्या हाती पडला आणि त्या लाकडी पेटीला जणू आपला माणूस सापडला. जयंतीच्या मंडपात त्याने पहिली पट्टी दाबली की मागच्या रांगेतली चिल्लीपिल्लीसुद्धा गप्प होत.

दोन वर्षांपूर्वी क्षयाने तो गेला. मागे एक गाणं राहिलं. गळा आणि वाद्य वेगवेगळ्या पट्ट्यांवर भरता येणाऱ्या रेकॉर्डरवर त्याने ते घरीच भरलं होतं. गळा तिन्ही कडव्यांचा होता. वाद्य मात्र दोनच कडव्यांना पुरलं होतं. तिसरं कडवं उघडं होतं, छप्पर न पडलेल्या घरासारखं. सिंथेसायझरही त्याच्यामागोमाग मुका झाला. आतले भाग आता जगात कुठेच बनत नाहीत, असं मुंबईच्या कारागिराने सांगितलं आणि पेटी परत पाठवली.

मग या वर्षी पुण्याहून एक डिस्क आली. तिच्यात त्याच यंत्राची हुबेहूब नक्कल संगणकासाठी उतरवलेली होती. तेव्हापासून महेंद्र तिच्यातून कुणालच्या वाद्याचा आवाज घडवत होता. तो जमला तर तिसरं कडवं भरून निघणार होतं, सहा डिसेंबरच्या आधी कॅसेट निघणार होती. पण दीपमालाच्या होकाराशिवाय नाही. दोनदा ती नको म्हणाली होती. या खेपेला साताऱ्याकडच्या खंडाळ्याजवळच्या आपल्या शाळेतून, कराडला गाडी बदलून, ती ऐकायला आली होती, आणि आज जे म्हणेल ते शेवटचं, असं दोघांत ठरलं होतं.

तिने खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर पेटीचं चित्र होतं: घुंड्या, तारा जोडायची भोकं, दोन्ही बाजूंना तपकिरी फळ्या.

"लाकूड पन काढलंय व्हय? वाळवी लागंल का ह्याला?"

"लागंल. पुढच्या डिस्कमधी येनार हाय म्हनं वाळवी."

ती किंचित हसली. त्या हसण्याच्या आधाराने महेंद्र बोलत सुटला. "ही बघ, इथनं सूर निघतो. ही घुंडी त्याची धार बोथट करते. आन ही थरथर. दुसऱ्या कडव्याखाली त्याचा सूर थरथरतो बघ, ती सगळी मेहनत हितं हाय. मंचावर त्यानं असं कधी वाजवलं न्हाई. शेवटी शेवटी काहीतरी नवं सापडलं हुतं गड्याला."

हे तो दोन वर्षं सांगत आला होता. शोकसभेत उभं राहून तो म्हणाला होता, यंत्रालाही हुंदका असतो, हे कुणालला जाता जाता कळलं. आणि माणसांनी माना खाली घातल्या होत्या. ते वाक्य त्याला स्वतःलाही इतकं खरं वाटलं होतं, की पुढे त्याच्याच उजेडात तो ती कॅसेट ऐकत राहिला. मात्र त्याने घडवलेली थरथर हुंदक्यासारखी होत नव्हती. वेग जुळे, खोली जुळे, आणि तरी ती कवायतीसारखी चाले: डावा, उजवा, डावा, उजवा. त्याचा दोष तो संगणकाच्या माथी मारी. नक्कल ती नक्कलच, असं म्हणे.

"तुमी तर डॉक्टरागत बोलाय लागलाय, महेंद्रदादा," दीपमाला म्हणाली. "ह्याचं ऱ्हाऊ द्या. मूळचं लावा. नुस्तं वाद्य."

त्याने लावलं. कुणालच्या बोटांचा, कुणालच्या पेटीचा, दुसऱ्या कडव्याखालचा तो लांब सूर खोलीत पसरला. दिवेलागणीला नदीवर धुकं उतरावं तसा, आणि आतून थरथरत.

दीपमालाचा चेहरा बदलला. दुःख तिथे होतंच, पण त्यातून काहीतरी ओळखीचं वर आलं. जत्रेच्या गर्दीत आपल्या घरचं माणूस पाठमोरं दिसावं, तसं.

"आवं, ह्यो तर पंखा हाय," ती म्हणाली.

"कोनता पंखा?"

"आमचा. टेबलफॅन. स्पीकरच्या म्होरं पंखा, आन पंख्याच्या म्होरं माईक. ल्हान पोरं पंख्यात तोंड घालून 'आ' करत न्हाईत का? तसंच." आणि तिने बोटाने टेबलावर ठेका धरला. "फळीवरनं पडला हुता त्यो, तवापास्नं एक पातं वाकडं. दोन नीट, एक लंगडं. ऐका की. ठक, ठक, टु. ठक, ठक, टु."

महेंद्रने ऐकलं. इतके दिवस जे त्याच्या कानांसमोर उघडं पडलेलं होतं, ते आता ऐकू आलं, आणि एकदा आल्यावर दुसरं काही येईना. हुंदका कुठेच नव्हता. शोध नव्हता. पत्र्याची तीन पाती होती आणि त्यांतलं एक लंगडत होतं. शोकसभेतलं आपलं वाक्य त्याला आठवलं आणि कानशिलं तापली.

"मला वाटलं..." तो म्हणाला.

"आख्ख्या सांगलीला वाटलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा होता, पण मऊ. "मी हुते की सभेत. म्हटलं, आता कशाला मोडायचं. चांगलं बोलत हुता."

तो पडद्याकडे वळला. थरथरीच्या लाटेची सरळ चाल त्याने मोडली. दर तिसरा हेलकावा अर्ध्यावर तोडला, किंचित उशिरा आणला. मग त्याच सुरावर बोट ठेवलं.

या वेळी तो सूर संगणकाचा राहिला नाही. तो खोलीत येऊन बसला. दीपमालाने पदर तोंडाशी नेला. साताऱ्याच्या सिमेंटच्या खोलीत एक पाय दुमडून, मान वाकडी करून वाजवणारा तो बारीक माणूस दोघांच्या मधोमध होता, आणि हात पुढे केला असता तर त्याच्या खांद्याला लागला असता.

"आता हाय," ती पदराआडून म्हणाली. "आता त्यो हाय."

"म्हंजे घालू? तिसऱ्याला?"

तिने मान हलवली. होकाराचीच. महेंद्रच्या छातीवरचं ओझं हललं. क्षणभर त्याला बाहेरचा रस्ता, सायकलींच्या घंट्या, हळदीचा वास, सगळं पुन्हा आपलं वाटलं. त्या हलकेपणातच, काही बोलायचं म्हणून, तो बोलून गेला.

"पन कमाल हाय गड्याची. हे भरलं तवा जानेवारी हुता. सातारची थंडी, आन पंखा लावून बसला व्हय?"

दीपमालाची मान हलायची थांबली.

खाली गोदामात कुणीतरी पोतं टाकलं. जमिनीतून धप्प आवाज आला आणि विरला. तिने पदर खाली घेतला, नीट सारखा केला, आणि मग शाळेत पोरांना धडा समजावून सांगावा तशा सपाट आवाजात म्हणाली, "खोकला झाकायला लावला हुता."

महेंद्रला कळलं, आणि कळूनही त्याने विचारलं. "कुनापास्नं?"

"कॅसेट कुनाकडं येनार हुती?"

त्याने पडद्याकडे तोंड फिरवलं.

"केरबातात्यांचं ध्यानात हाय का तुमच्या? ढोलकीवाले. हात कापाय लागला त्यांचा, तवा विट्याच्या कार्यक्रमावरनं तुमी त्यांना एसटीत बसवून दिलं. म्हनला, ज्याचं अंग साथ दीत न्हाई त्यानं मंचावर चढू नये. लय बरोबर हुतं तुमचं. तात्यांनी पन मानलं. पन आमचा दादा तितंच हुता ना हुबा, तुमच्या बाजूला. गोळ्या पन त्यानं मधीच सोडल्या. डोळ्यांवर झापड येती म्हनायचा, एप्रिलच्या तारखा तोंडावर आल्यात म्हनायचा. मला शप्पत घातलेली. महेंद्रला कळलं तर दुसरा गळा बघंल, म्हनायचा."

महेंद्रचा हात आपोआप पुढे गेला. त्याने मूळची पट्टी पुन्हा लावली, दुसऱ्या कडव्याच्या शेवटाला. तिथे एक जागा होती. त्याला ती फार आवडे. सुराची थरथर एकाएकी जलद होई, वर चढे, एखाद्याच्या मनाचा बांध फुटावा तशी. त्या जागेला त्याने मनाशी नावही ठेवलं होतं, पूर. आता तिच्याआधी एक बारीक खटका ऐकू आला. आणि पूर आल्यावर, त्या पत्र्याच्या घरघरीच्या तळाशी, दूर, दाबून धरलेलं, तोंडात कापड कोंबून एखाद्याने गिळलेलं असं काहीतरी. एकदा. दोनदा. मग सूर पुन्हा स्थिर.

"ह्यो खटका..."

"पंख्याचा तीन नंबर," दीपमाला म्हणाली. "मी केला. त्यानं हातानं खूण केली, आन मी बटन दाबलं. मी चादर पांघरून बसलेली, आन त्यो बनियनवर, वाऱ्यात. दात वाजत हुते त्याचे. मी म्हटलं, दादा, पुरं कर. तर म्हनतो, अजून एक कडवं, दीपे. त्याच दिशी गळा भरून घेतला तिसऱ्याचा. वाद्य मग उद्याला ऱ्हायलं."

तो उद्या कधी उजाडला नाही, हे तिने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

महेंद्रने तिसऱ्या कडव्याचा गळा लावला. जी खरखर कॅसेटची म्हणून त्याने गाळून टाकली होती आणि आवाज स्वच्छ केला म्हणून खूश झाला होता, ती या वेळी तशीच राहू दिली. उघड्या, आधार नसलेल्या त्या गळ्याभोवती पंखा फिरत होता, पूर्ण वेगाने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

*दिवा मागं ठेवून आलो, दार ओढू नका...*

दोन नीट, एक लंगडं. मधल्या श्वासांना तो वारा येऊन झाकत होता, पोर निजलेलं असावं आणि कुणी त्याच्यावर पांघरूण ओढत राहावं तसा.

गाणं संपलं. दोघांच्याही कपाळावर घाम होता, आणि पंखा लावायला कुणी उठलं नाही. महेंद्र पडद्यावरच्या त्या खोट्या लाकडाकडे पाहत राहिला. इथे सगळं त्याच्या हाती होतं. पाती सरळ करता येत होती, वारा काढून टाकता येत होता. काढला तर खालून काय उघडं पडेल, तेही आता त्याला ठाऊक होतं. मित्राने मरेपर्यंत जे त्याच्यापासून लपवलं, ते जगाला ऐकवणं त्याच्या एका बोटावर होतं. आणि ठेवायचा म्हटलं, तर तेच लपवणं आता त्याला स्वतःच्या हाताने पुढे चालवायचं होतं.

"दीपा," तो म्हणाला. "गळ्यात पंखा हाय. वाद्यात न्हाई घातला तर कडवं तुटंल, दोन मानसं दोन खोल्यांत बसल्यागत वाटंल. घालायचा तर तीन नंबरवरच घालावा लागंल, तू केला हुतास तसा."

ती उठली. दाराजवळच्या बटणांच्या फळीखाली खिळ्याला तिची पिशवी लटकत होती. तिकडे ती गेली.

"मी माझ्या मनानं न्हाई करनार. तू म्हनशील तसं. लावू?"

तिचा हात फळीवरच्या पंख्याच्या बटणापर्यंत वर गेला, क्षणभर तिथेच राहिला, आणि मग पिशवीचा बंद घेऊन खाली आला. तिने पिशवी खांद्याला अडकवली, उंबऱ्याशी काढलेल्या चपला पायांत सरकवल्या, आणि हो-नाही त्याच्यावरच सोडून, मागे न बघता जिना उतरू लागली.