रुखवतातली बारावी दुलई

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, उणे अडतीस अंशात, सेरिकखानची गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. करागंडी शहरातल्या त्याच्या इमारतीच्या आवारात आठवडाभर कुणाच्याच गाडीच्या बाबतीत असं घडलं नव्हतं.

वीस वर्षं वापरलेली ही ठेंगणी जपानी स्पोर्ट्स कार त्याने ऑगस्टच्या उन्हात घेतली होती. हिवाळा तेव्हा आठवला नव्हता. म्हणून काल संध्याकाळी त्याने इंजिनावर घरातली एक जाड दुलई पांघरली आणि बॉनेट लावलं. आता ती काढून घरी नेली, तर बायको कुल्याश दारातच उभी.

"अहो, ही लेकीच्या रुखवतातली! उंटाच्या लोकरीची! दहाला विहीणबाई बघायला येतायत."

मखमलीच्या मधोमध ताटाएवढा काळा डाग पडला होता.

"पण गाडी सुरू झाली ना! दोनशे ऐंशी घोड्यांची ताकद आहे तिच्यात."

"विहिणीला घोड्याचं मटण वाढायचा आपला रिवाज. त्यातला एक कापून वाढता येतो का?"

कुल्याशने डाग आत घालून घडी केली आणि बारा दुलयांच्या थप्पीत ती सर्वांत खाली ठेवली. वरच्या दोन-तीन बघून विहीणबाई उठतील, असा तिचा हिशेब होता.

विहीणबाई दहाला आल्या आणि प्रत्येक दुलई उलगडून टाके तपासू लागल्या. दर दुलईनंतर सेरिकखान म्हणत होता, "आता चहा घ्या ना, ताई."

सव्वाअकराला त्यांनी आठवी दुलई हातात घेतली होती. चहाला त्यांनी अजून हात लावलेला नव्हता.