पाठीवरची टिकली

माझी पाठ मला दिसत नाही. म्हणून ती मी नवऱ्याच्या भरवशावर टाकली होती.

उजव्या खांद्याखाली काळा तीळ. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी दोन वर्षांपूर्वी तो पाहिला आणि बजावलं, "आता काही नाही, पण दर महिन्याला घरी बघा. वाढला, कडा वाकड्या झाल्या, रंग बदलला, पाणी किंवा रक्त आलं, तर लगेच या. कॅन्सर असला तरी वेळेत काढता येतो."

आमचे संघपाल जवाहरनगरला फॅक्टरीत चेकर. सत्तावीस वर्षं मापाचं गेज लावून माल पास-नापास करण्यात गेली. पोळी वाकडी झाली तरी म्हणायचे, "हा पीस रिजेक्ट." युक्ती त्यांचीच. माझ्या कपाळावरची मसुराएवढी टिकली तिळावर लावली, तर तीळ बरोबर झाकला गेला. "हे तुह्या तिळाचं गेज," ते म्हणाले. "टिकलीच्या बाहेर आला का नागपूर."

महिन्याच्या पहिल्या रविवारी विहारातून आलं की मी पाठ करून बसायची. ते टिकली लावायचे, बघायचे, काढायचे. "पास." मग मी चहा ठेवायची. मध्ये खाज सुटायला लागली, तर म्हणाले घामोळं आहे, आणि पावडर लावून दिली. शेजारणींना मी सांगत फिरायची, नवरा असावा तर असा. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

एप्रिलच्या रविवारी टिकली लावली आणि त्यांचा फोन वाजला. काढायची राहून गेली. दुपारी मी भाच्याच्या लग्नाचा ब्लाउज शिवून घ्यायला शकुबाईकडे गेले. मागचा गळा मोजताना ती थांबली.

"वहिनी, पाठीवर टिकली कायले लावली?"

मी हसत सगळं सांगितलं आणि म्हटलं, काढून दे. तिनं ती माझ्या तळहातावर ठेवली. चार आण्याच्या नाण्याएवढी.

"याच्याखालून पाणी येऊन राहिलं, वहिनी," शकुबाई हळूच म्हणाली.

घरी येऊन कपाट उपसलं. यांच्या शर्टांखाली टिकल्यांची पाकिटं होती. मसुराएवढी, मग वाटाण्याएवढी, मग ही. तीळ वाढत गेला तसं यांनी गेज वाढवत नेलं होतं. केसानं गळा कापणं मी ऐकून होते. माझा टिकलीनं कापला.

पाकिटं समोर ठेवली तेव्हा ते नाकबूल झाले नाहीत.

"आईच्या गाठीले लोखंड लागलं अन् चार महिन्यात गेली. कापलं का पसरते. तुले कापू देऊ का?" त्यांचे डोळे भरले होते. मला दया आली नाही.

"आई उशिरा गेल्या दवाखान्यात, म्हणून गेल्या. अन् पाठ माही आहे. मले काहून नाई सांगितलं?"

"तू हट्टानं कापून घेतलं असतं."

"घेतलंच असतं."

दुसऱ्या दिवशी नागपूर. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून तीळ बराच वेळ पाहिला, काख चाचपली, एका जागी बोट दोनदा फिरवलं. मग विचारलं, "कधीपासून वाढतोय?"

मी काय सांगणार? मी तर दर महिन्याला पास होत होते.

"सहा ऑगस्टले कड बाहेर आली," संघपाल खाली बघत म्हणाले. "पाच नोव्हेंबरले खालची बाजू वाकडी. सात जानेवारीले निळसर झाला. चार मार्चपासून पाणी."

तारखा अशा सांगितल्या की बाईंना एकही दुसऱ्यांदा विचारावी लागली नाही. काम त्यांनी चोख केलं होतं. मलाच फक्त निकाल कळवला नव्हता.

"आठ महिने," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "आज तुकडा तपासायला घेऊ. काखेतली गाठही बघावी लागेल. ब्लाउज काढून आडवं व्हा."

सवयीनं यांचा हात माझ्या पाठीकडे आला.

"नर्सताई," मी म्हटलं, "हुक तुम्ही काढा. आणि यांना बाहेर बसवा."