झाकणाच्या आतलं नाव

"वाजतंय, काका, पण परत येईना," असं म्हणत वैष्णवीनं पायानं दाबायचा लोखंडी डबा काउंटरवर ठेवला. "गिटारचा एको हाय. तार छेडली की थोड्या वेळानं तोच आवाज पुन्हा यायला पाहिजे. परभणीत दोघांना दाखवला, कुणी हात लावायलाच तयार न्हाई."

रंगनाथनं चष्मा नाकावर ओढला. जिंतूरच्या स्टँडमागं तीस वर्षं तो अँप, भोंगे आणि मिक्सर दुरुस्त करत होता. समोर आलेली वस्तू मुद्दामच बिघडली आहे, अशा नजरेनं तो तिच्याकडं बघायचा. पण या डब्याकडं बघून त्याचा चेहरा बदलला. निळा रंग, डाव्या कोपऱ्याला पोचा. तो पोचा त्याच्याच हातून पक्कड पडून आला होता.

"कुणी दिला तुला?"

"गोपीचंद सरांनी. पुण्याला गेले तवा आठवण म्हणून दिला. सरांनी स्वतः बनवलाय."

रंगनाथनं झाकणाचे स्क्रू सोडवायला घेतले.

गोपीचंद म्हणजे त्याचा जिगरी दोस्त. ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. आठ वर्षांपूर्वी हाच डबा घेऊन तो याच काउंटरला टेकला होता. "रंग्या, ह्याचा आवाज लय लवकर परत यायलाय. कुणी चिडवल्यावानी वाटतं. जरा उशीर करून दे."

सांगायला सोपं होतं. त्या डब्यातली चिप आवाज या हातातून त्या हातात देत पुढं सरकवते, स्लॅब टाकताना मजूर रांगेनं घमेली सरकवतात तशी. उशीर हवा तर हात मंद करायचे. रंगनाथनं आधी तेच केलं. कपॅसिटर बदलला, आवाज उशिरा आला. पण वाटेत घमेली सांडावीत तसा फाटका, आणि वर बारीक शिट्टी. मग एकच उपाय उरला, आणखी एक चिप जोडून रांग वाढवायची. तसली दुसरी चिप तेव्हा कुठं मिळेना. एक होती ती रंगनाथच्याच एको मशीनमध्ये. सप्ताहात कीर्तनकाराच्या माइकला तो ते मशीन जोडायचा. त्यानं चिप काढली आणि गोपीचंदच्या डब्यात बसवली. शिट्टी अडवायला फिल्टर लावला. पुढच्या वर्षीपासून सप्ताहाचं बोलावणं दुसऱ्याला गेलं. दोस्तासाठी माणूस एवढं करतोच, असं तो घरी म्हणाला. "तुमी करता. त्यो करंल का, ते बघा," त्याची बायको राजेश्री म्हणाली, आणि तिच्या असल्या बोलण्याकडं लक्ष द्यायचं नसतं, हे त्यानं लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं.

किती उशीर ठेवायचा, हे त्यानं कानानं ठरवलं. त्याचा बाप शेतातून भाकरी खायला हाक मारायचा, "रंगाऽऽ". हाक समोरच्या टेकडीवर आपटून पुन्हा यायची. लहानपणी रंगनाथला वाटायचं, टेकडीतही आपला एक बाप आहे. बाप गेल्यावर एकदा तो एकटाच तिथं गेला आणि त्यानं स्वतःलाच हाक मारली. हे त्यानं राजेश्रीलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. गोपीचंदला सांगितलं, डबा जुळवताना. "बस, तेवढाच उशीर ठेव," गोपीचंद म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले होते.

दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूच्या झाकणाला आतून मार्करनं नाव, गाव आणि तारीख लिहायची रंगनाथची सवय होती. गिऱ्हाइकाला ते दिसत नाही, पुढच्या मेकॅनिकला दिसतं. आता जिंतुरात पुढचा मेकॅनिकही बहुतेक वेळा रंगनाथच असायचा, ती गोष्ट वेगळी.

त्यानं झाकण उलटं केलं. आतला पत्रा पॉलिश पेपरनं घासून पांढरा केला होता. त्यावर ऐटदार अक्षरात सही होती, गोपीचंद.

"सरांचा व्हिडिओ दाखवू का काका? लय लोकांनी बघितलाय."

मोबाइलमध्ये गोपीचंद केस वाढवून बसला होता. मागं विकायला मांडलेल्या तसल्याच निळ्या डब्यांची रांग. आपण स्वतःच्या मशीनमधून चिप कशी काढली, ते तो सांगत होता. मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझे वडील मला शेतातून हाक मारायचे. समोर टेकडी होती..."

रंगनाथनं मोबाइल पालथा ठेवला. स्वतःचा घेऊन तो दुकानाच्या मागं गेला आणि त्यानं गोपीचंदला फोन लावला.

"काय रंग्या! आज कशी आठवण झाली?"

"वैष्णवीचा डबा आलाय माझ्याकडं."

गोपीचंद म्हणाला, "तिला तुझ्याकडं कुणी पाठवलं?"

डब्याला काय झालं, हे त्यानं विचारलं नाही. रंगनाथला कळायचं ते तिथंच कळलं.

"नाव घासलंस?"

"अरे, जिंतूरचा रंगनाथ म्हणलं तर इथं कोण वळखतंय? तुला कुठं पुण्यात दुकान टाकायचं हाय? मनाला लावून घेऊ नको यार."

"नाव जाऊ दे. माझ्या बापाची हाक तरी मला ठेवायची व्हतीस."

"बोलायच्या भरात आलं रे ते. लोकांना गोष्ट आवडती."

"तुझा बाप परभणीत पोस्टात व्हता, गोप्या. तुला टेकडी कुठनं आली?"

गोपीचंद हसला. अगदी जुन्या, ओळखीच्या सुरात हसला, आणि क्लास सुरू व्हायलाय म्हणून त्यानं फोन ठेवला. रंगनाथ तिथंच उभा राहिला. हा माणूस वीस वर्षं आपल्या ताटात जेवला, आणि आपण त्याला ओळखलंच नाही, याची त्याला मनापासून लाज वाटली.

परत येऊन त्यानं भिंग लावलं. त्याच्याच मशीनमधून आलेल्या दुसऱ्या चिपच्या पायाशी सोल्डरचा टाका तडकला होता. त्यानं सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि नवा टाका दिला. आजवर दिला नसेल इतका जपून दिला. वैष्णवीनं गिटार जोडून एक तार छेडली. सूर गेला. मग, माणूस भाकरी खायला वळेल एवढ्या वेळानं, परत आला. रंगनाथ तो पूर्ण विरेपर्यंत खाली बघत राहिला.

"आला!" ती हरखून म्हणाली.

त्यानं मार्कर उघडला. गोपीचंदच्या सहीला हात लावला नाही. तिच्या खाली जागा होती, तिथं सावकाश लिहिलं, सटवाजी, जिंतूर. पुढं आजची तारीख टाकली.

"सटवाजी कोण, काका?"

"माझा बाप. शेतातून हाक मारायचा मला."

वैष्णवीनं पालथ्या मोबाइलकडं पाहिलं, मग झाकणाकडं. रंगनाथनं झाकण बसवलं आणि चारही स्क्रू एकेक करून आवळले.